तोल्वाला घराचं वल्हं

“पुढचं मी बघते, तुम्ही माझ्याकडे बघा.”

सायमी तोल्वानेनच्या तोंडी हे वाक्य कायम असायचं. होडीत ते अक्षरशः खरं होतं. आमच्या हापालाहती गावच्या चर्चच्या होडीत चौदा माणसं वल्ही मारतात, सात फळ्यांवर दोघं दोघं, आणि होडी जिकडे जाते तिकडे सगळ्यांची पाठ असते. पुढचं पाणी दिसतं फक्त मागे सुकाणू धरून बसलेल्या एकट्या माणसाला. एकोणीस उन्हाळे ते सुकाणू सायमीच्या हातात होतं. पण ती हे वाक्य जमिनीवरही तसंच वापरायची. ग्रामसभेत रस्त्याच्या दिव्यांवरून वाद लागला, तेव्हा म्हणाली. नवा पाद्री पहिल्या प्रवचनाच्या आधी घाबरून उभा होता, त्यालाही म्हणाली. आम्ही हसायचो, आणि हसत हसत तिच्याकडेच बघायचो.

ती ठेंगणी होती, रुंद खांद्यांची. एकतीस वर्षं तिनं आमच्या तळ्याकाठी टपाल वाटलं. उन्हाळ्यात मोटरच्या लहान नावेतून, हिवाळ्यात तळं गोठलं की पायानं रेटायच्या घसरगाडीवरून, आणि वसंतात, जेव्हा बर्फ नाव चालू देत नाही नि माणसाचं वजनही पेलत नाही, त्या तीन आठवड्यांत जंगलातल्या वाटेनं चालत. तिच्या फेरीतलं शेवटचं ठिकाण म्हणजे पल्याड.

पल्याड म्हणजे तळ्याच्या पलीकडच्या काठावरचा खुला तुरुंग. पूर्वी ते मोठं शेत होतं. तिथे भिंत नाही, कुंपणही गायी बाहेर जाऊ नयेत एवढ्यापुरतंच. शिक्षेचं शेवटचं वर्ष-दीड वर्ष उरलेली माणसं तिथे कोबी लावतात, गुरं सांभाळतात, सुतारकाम करतात आणि संध्याकाळी हजेरीला उभी राहतात. वारा आमच्या दिशेनं आला की त्यांच्या ट्रॅक्टरचा आवाज आमच्या अंगणात यायचा. एवढीच काय ती ओळख. गावातलं कोणी तिकडे जायचं नाही, आणि पोरांना दटावायला ते नाव पुरायचं.

सायमी मात्र त्यांना टपालातून ओळखत होती. ती पत्र उघडायची नाही, पण पाकिटाची जाडी हाताला कळायचीच. पहिल्या वर्षी जाड पाकिटं येतात, तिनं मला एकदा सांगितलं होतं, मग पातळ होतात, मग नाताळाचं कार्ड तेवढं येतं, मग तेही थांबतं. एखादा माणूस तरीही रोज धक्क्यावर येऊन उभा राहायचा. ती रिकाम्या पिशवीत हात घालून बघायचं नाटक करायची, कारण लगेच नाही म्हणणं तिला जड जायचं.

निवृत्त झाल्यावर ती पल्याडच्या माणसांची बाजू घेऊन बोलायला लागली, तेव्हा गावानं तिच्या आयुष्यात कारण शोधायला सुरुवात केली. कोणाला वाटलं तिचा एखादा भाऊ आत गेला असेल. कोणी म्हणालं, तरुणपणी कोणीतरी होता. तसं काही नव्हतं. तिचा भाऊ दंतवैद्य होता. नवरा रेइनो, सरळ मनाचा सुतार, हृदयविकारानं गेला. मुलगी राजधानीत शाळा चालवते. सायमीला कारण लागत नव्हतं, आणि हेच लोकांना जास्त खटकायचं.

आता होडीकडे येतो. आमची जुनी होडी कुजली. तुरुंगाच्या सुतारशाळेनं नवी बांधून दिली, पाईनच्या फळ्या, वाकवून, जोडून, वरून डांबर. ती घ्यायला आम्ही चौदा जण मे महिन्यात पल्याड गेलो. बांधणारे सहा जण धक्क्यावर रांगेत उभे होते. आम्ही बसलो, वल्ही पाण्यात टाकली, होडी सुटली. आमची तोंडं त्यांच्याकडेच होती, त्यामुळे ते सहा जण लहान होत गेलेले आम्ही सगळ्यांनी पाहिले. सायमीची पाठ होती तिकडे. तीच वळली. बराच वेळ बघत राहिली, इतका की होडी लव्हाळ्यांच्या बेटाकडे जायला लागली आणि कोणीतरी ओरडलं.

“ज्यांनी बांधली, त्यांनी ती जाताना तेवढी बघायची,” ती म्हणाली. “हे मला पटत नाही.”

दुसऱ्या दिवशी ती तुरुंगाच्या प्रमुख मार्केट्टा सिह्वोला यांच्यापुढे जाऊन बसली. सिह्वोलाबाई नियमाच्या पक्क्या, पण मनानं कोरड्या नव्हत्या. त्या सहांपैकी एकाला मंगळवारी आणि गुरुवारी सरावासाठी सोडायचं त्यांनी कबूल केलं. साडेचारला जायचं, आठ वाजता धक्क्यावर परत. आठ म्हणजे आठ, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

आमच्याकडे प्रत्येक वल्हं एकेका घराचं असतं. पूर्वी घराघरातून एक माणूस रविवारी चर्चला होडी वल्हवत न्यायचा, त्या काळापासूनची ही रीत. वल्ह्याच्या मुठीवर घराचं नाव कोरलेलं असतं, आणि त्या घराची मालकीण किंवा मालक ठरवतो की तिथे कोण बसणार. त्यावर दुसऱ्यानं बोलायचं नाही. रेइनो गेल्यापासून सायमीच्या, म्हणजे तोल्वाला घराच्या वल्ह्यावर कधी पाहुणा बसायचा, कधी शाळामास्तर. सायमीनं ते वल्हं इल्पो कार्विनेनला दिलं.

इल्पो चौतीस वर्षांचा होता, किनाऱ्यावरच्या पोलादाच्या कारखान्यातला वेल्डर. दारूच्या दुकानात भांडण झालं, त्यानं बाटली उचलली, आणि समोरच्या माणसाचा एक डोळा गेला. हे मला माहीत आहे, कारण पहिल्याच मंगळवारी होडीघरापाशी त्यानं ते सगळ्यांना सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. मान खाली घालून, हजेरी दिल्यासारखं त्यानं सांगितलं.

“ऐकलं सगळ्यांनी,” सायमी म्हणाली. “आता वल्हं उचल.”

त्याच्या शेजारची जागा कालेर्वो पिर्होनेनची. कालेर्वोची लाकडाची गिरणी आहे. पूर्वी एकदा पल्याडहून पळालेल्या एका माणसानं त्याच्या बहिणीचं दुकान फोडलं होतं, आणि बाई महिनाभर आपल्या घरात एकटी झोपू शकत नव्हती. कालेर्वो वल्हं जमिनीवर टेकवून उभा राहिला.

“माझ्या शेजारी हा बसणार?”

“वल्हं माझ्या घराचं आहे.”

“फळी गावाची आहे.”

“मग तू गावाच्या अर्ध्यावर बस,” सायमी म्हणाली. “तुझं बूड तसंही पाऊण फळी खातं.”

लोक हसले. कालेर्वो हसला नाही, पण बसला. चांगला महिनाभर तो इल्पोशी एक शब्द बोलला नाही. ताल चुकला की खाकरायचा तेवढा. जूनमध्ये एकदा त्याच्या तळहाताचा फोड फुटला आणि रक्त मुठीवर आलं. इल्पोनं खिशातून सुतारशाळेतली कापडी पट्टी काढली, त्याचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि न विचारता बांधून दिली. कालेर्वोनं हात ओढून घेतला नाही. नंतर तो सायमीला म्हणाला की हा माणूस वल्हं चांगलं मारतो, निदान शाळामास्तरापेक्षा तरी. त्याच्याकडून ही मोठी स्तुती होती. आणि इल्पोला ऑगस्टपासून उरलेली शिक्षा बाहेर राहून, देखरेखीखाली काढायची सवलत मिळणार होती. त्यासाठी काम दाखवावं लागतं. कालेर्वोनं गिरणीवर त्याला घेतो असं लिहून दिलं, आणि हे कोणाला सांगू नका असंही बजावलं.

मग मध्य-उन्हाळ्याच्या सणाच्या आधीचा गुरुवार आला.

त्या दिवशी तळ्यावर उलटा वारा होता. आम्ही भिजून, हात आखडून सायमीच्या धक्क्याला लागलो. तिनं सौना, आमच्याकडची लाकडी वाफेची खोली, तापवून ठेवली होती. अंगावर झोडून घ्यायच्या बर्चच्या डहाळ्या बादलीत, अंगणात चुलीवर मोठा तवा, बोटाएवढे चंदेरी मासे राय नावाच्या धान्याच्या पिठात घोळून तयार. सहा वाजले होते. इल्पो म्हणाला, मी निघतो. सायमी म्हणाली, थंडीनं कुडकुडत गेलास तर तिथले लोक म्हणतील हापालाहतीवाल्यांना माणूस सांभाळता येत नाही. अर्धा तास बस, मी नावेतून सोडते. तो आत आला.

सौनात घड्याळ कोणी घालत नाही, धातू भाजतो. आमची सगळ्यांची घड्याळं बाहेरच्या खोलीत खिळ्यांवर, कपड्यांखाली लटकत होती. इल्पोनं आपलं काढून पट्ट्यानं लटकवलं. दोनदा तो दार किलकिलं करून बाहेर डोकावला आणि विचारलं, किती वाजले. दोन्ही वेळा अंगणातून सायमीचा आवाज आला.

“पुढचं मी बघते. तुम्ही आत बसा.”

तिचंही घड्याळ खिडकीत काढून ठेवलेलं होतं, कारण हाताला माशांचे खवले. ती सूर्याकडे बघत होती. सूर्य होडीघराच्या वर, बर्चच्या शेंड्याला. तिच्या लेखी तो सातचा सूर्य होता. पण त्या आठवड्यात आमच्याकडे सूर्य खाली यायचं नावच घेत नाही, नुसता तिरपा तिरपा सरकत राहतो, आणि सहाचा उजेड नऊच्या उजेडासारखाच असतो. जन्मभर तळ्याकाठी राहिलेल्या माणसालाच तो आपल्याला कळतो असं वाटतं. परका माणूस घड्याळ बघतो.

मासे तळून झाले तेव्हा ती हात पुसत खिडकीशी गेली. आठ वाजून वीस मिनिटं झाली होती.

ती ओरडली नाही. आत आली, दार सताड उघडलं, आणि इल्पोचे कपडे त्याच्या अंगावर टाकले. त्याची पाठ अजून वाफाळत होती. तिनं नावेची मोटर पहिल्या झटक्यात सुरू केली. पलीकडच्या धक्क्यावर पहारेकरी उभा होता, चांगला मुलगा होता, ओशाळला होता. त्यानं घड्याळात बघितलं आणि आठ चाळीस असं लिहिलं.

दुसऱ्या एखाद्या वर्षी तंबी देऊन सोडलं असतं. पण त्या वसंतात दुसऱ्या एका खुल्या तुरुंगातून दोघं रजेवर गेले ते परतलेच नव्हते, वर्तमानपत्रांनी रान उठवलं होतं, आणि वरून हुकूम आला होता की उशीर करणारा बंद तुरुंगात परत जाईल, का आणि कसा हे न बघता. सायमी शुक्रवारी सकाळी सिह्वोलाबाईंच्या ऑफिसात गेली. काय झालं ते तिनंच मला सांगितलं, आणि नंतर सिह्वोलाबाईंनीही तसंच सांगितलं. दोघींच्या सांगण्यात फरक नव्हता.

सायमीनं आधी घडलेलं सांगितलं, वाफेपासून माशांपर्यंत. मग म्हणाली, चूक माझी, माझ्या नावावर लिहा. सिह्वोलाबाईंनी फॉर्म पुढे सरकवला. त्यात कैद्याच्या खुलाशासाठी चार ओळी होत्या, दुसऱ्या कोणासाठी जागाच नव्हती. आणि त्या चार ओळींत इल्पोनं आधीच लिहिलं होतं: उशीर झाला. लक्ष राहिलं नाही. चूक माझी.

सायमीनं ते वाचलं आणि लालबुंद झाली.

“हा खोटं बोललाय.”

“तो तुम्हाला वाचवतोय.”

“तेच म्हणते मी. खोटं बोलला म्हणून काय शिक्षा द्यायची ती द्या. उशिराची मला द्या. तो दोनदा विचारत होता. दोनदा मीच त्याला गप्प बसवलं.”

सिह्वोलाबाईंनी चष्मा काढला. त्या म्हणाल्या की तुम्ही खरं बोलताय हे मला दिसतंय, पण माझ्याकडे तुमचं खरं टाकायला रकाना नाही. तुमच्या सौनाला माझ्या नियमात जागा नाही.

“मग जागा करा,” सायमी म्हणाली. “आमच्यात माणूस पाठवता, मग आमचं ऐकणार नाही? तो एकटा थोडाच उशिरा आला. गाव उशिरा आलं.”

मंगळवारी सकाळी गाडी आली आणि इल्पोला शहरातल्या बंद तुरुंगात घेऊन गेली. ऑगस्टची सवलत रद्द झाली. म्हणजे पुढचं जवळजवळ वर्षभर दाराला कुलूप. सायमी धक्क्यावर उभी राहून पलीकडच्या रस्त्यावरची धूळ बघत होती. मी तिच्याजवळ गेलो तर म्हणाली, जन्मभर एक वाक्य मिरवलं आणि त्याच वाक्यानं एका माणसाला आत घातलं. मग म्हणाली, रडणार नाहीये, काम आहे.

जुलैच्या पहिल्या रविवारी तळ्यावरच्या सगळ्या गावांच्या होड्यांची शर्यत असते. मोठ्या बेटाला वळसा घालून अकरा किलोमीटर. त्याआधीच्या गुरुवारी आम्ही होडीघरात जमलो. शाळामास्तर तयार होते, हातमोजेही घेऊन आले होते. सायमी म्हणाली, तोल्वालाचं वल्हं इल्पोचं आहे. तो नाही तर त्या जागेवर कोणी नाही.

गलका झाला. तेरा वल्ह्यांनी होडी सरळ जात नाही, एका बाजूला ओढते. कोणीतरी सुचवलं की मग शेजारचंही एक वल्हं काढू, बारांनी जाऊ, दोन्ही बाजू सारख्या होतील. तशी नियमात मुभा आहे. शेजारी म्हणजे कालेर्वो. हे सुचवणाऱ्यांत समजूतदार माणसं होती, मीही त्यात होतो.

“होडी सरळ गेली तर कोणाला कळणार?” सायमी म्हणाली. “लोक म्हणतील, हापालाहतीची दोन माणसं आजारी असतील. मला ती वाकडी जायला हवी आहे. वाकडी गेली की लोक विचारतात.”

“आणि आम्ही हसं करून घ्यायचं?” मागून कोणीतरी म्हणालं. “तुझ्या एका कैद्यासाठी?”

सायमी उत्तर देणार होती. पण कालेर्वो आधी बोलला. तो लाकडाच्या ओंडक्यावर बसला होता, तळहात बघत, जिथे फोड बरा होऊन पांढरा घट्टा पडला होता.

“मी माझ्या जागेवर बसणार,” तो म्हणाला. “शेजारी मास्तर आला तर मी उतरतो. इल्पोचा ताल मला लागलाय. आता दुसऱ्याचा लावून घ्यायचं माझं वय नाही.”

“तूच म्हणाला होतास की फळी गावाची,” मागचाच माणूस म्हणाला.

“गावाचीच आहे,” कालेर्वो म्हणाला. “म्हणून तर म्हणतो.”

मास्तरांनी हातमोजे खिशात घातले आणि विचारलं की निदान काठावरून ओरडू तरी शकतो ना.

रविवारी ऊन होतं आणि तळं काचेसारखं पसरलेलं. तोल्वाला घराचं वल्हं होडीत आडवं ठेवलं होतं, मूठ रिकाम्या जागेकडे. सुरुवातीची बंदूक उडाली आणि पहिल्या शंभर हातांतच कळलं की काय मागून घेतलं आहे. होडी उजवीकडे ओढायची. सायमी दोन्ही हातांनी सुकाणू छातीशी आवळून धरायची, पायांनी फळीला रेटा देऊन. अडुसष्ट वर्षांची बाई. आम्ही तिच्याकडे बघत होतो, कारण आम्हाला दुसरं काही दिसतच नव्हतं. तिच्या मानेच्या शिरा, दाताखाली धरलेला ओठ. सुकाणू थरथरलं की होडी नागासारखी वळायची, ती पुन्हा आणायची, पुन्हा सुटायची. बेटाच्या वळणावर मागून येणाऱ्या शेवटच्या होडीनंही आम्हाला गाठलं. त्यातल्या बायका हसत गेल्या, म्हणाल्या, काय हो, सणाची अजून उतरली नाही का. कालेर्वोचं वल्हं त्यांच्यावर पाणी उडवून गेलं. चुकून, असं तो नंतर म्हणाला.

आम्ही पोचलो तेव्हा बक्षिसं वाटायला सुरुवात झाली होती. पण लोक कॉफीचे कप घेऊन परत पाण्याच्या काठाशी आले, कारण अशी वाकडी होडी त्यांनी पाहिली नव्हती. भोंग्यावर बोलणारा माणूस गमतीत होता. हापालाहती, तो म्हणाला, तेरा वल्ही, एक जागा रिकामी, आम्ही तुमच्यासाठी होकायंत्राची वर्गणी काढतो.

कालेर्वो होडी बांधायच्या आधीच उतरला. पाणी गुडघ्यापर्यंत होतं, त्यातूनच चालत गेला. आयुष्यात कधी माणसांपुढे बोलला नव्हता, मुलीच्या लग्नातही नाही. त्यानं त्या माणसाच्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला.

“जागा रिकामी नाही,” तो म्हणाला. “माणूस अडवून ठेवलाय. चाळीस मिनिटांसाठी वर्षभर. त्याला उशीर आमच्यामुळे झाला. आमच्या तेरा जणांची घड्याळं त्याच खिळ्यांवर होती.” मग तो मागे वळून होडीकडे बघायला लागला. “होडी त्यानंच बांधली आहे. चांगली आहे होडी.”

त्यानं ध्वनिक्षेपक परत दिला. टाळ्या वाजल्या नाहीत, आमच्याकडे अशा गोष्टीला वाजत नाहीत. पण लोक हलले नाहीत. पाहुण्यांच्या बाकावर सिह्वोलाबाई बसल्या होत्या, होडी त्यांच्या सुतारशाळेची म्हणून बोलावलेल्या. त्या उठल्या आणि सगळ्यांच्या देखत धक्क्यावर आल्या. सायमी अजून होडीतच बसली होती, कारण तिची बोटं सुकाणूवरून सुटत नव्हती. मी एकेक सोडवत होतो.

सिह्वोलाबाई म्हणाल्या की बुधवारी शहरात फेरविचाराची बैठक आहे, आणि त्यांनी स्वतः ती मागितली आहे. तुमचं म्हणणं लेखी द्या, मी जोडते.

“लेखी नाही,” सायमी म्हणाली. “एकतीस वर्षं मी तुमच्या दारात लोकांचं लेखी आणून टाकलं. त्यानं किती दारं उघडली ते मी पाहिलंय. मी येणार. माझ्या तोंडानं सांगणार.”

“बाहेरच्या माणसाला बैठकीत बसू देत नाहीत.”

“मग उभी राहीन.”

सिह्वोलाबाई पाण्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला ठाऊक नाही, पण चेहरा थकलेल्या माणसाचा होता, रागावलेल्या नव्हे. “नऊ वाजता,” त्या म्हणाल्या. “मी तुम्हाला माझ्याबरोबर आत घेऊन जाईन. नंतर जे होईल ते माझ्यावर.”

बुधवारी कालेर्वोच्या गाडीतून आम्ही तिघं शहरात गेलो. बंद तुरुंगाची वीटभिंत रस्त्याला लागूनच आहे. सायमीनं चर्चचा काळा कोट घातला होता. फाटकाशी सिह्वोलाबाई थांबल्या होत्या, त्या तिला आत घेऊन गेल्या. कालेर्वो आणि मी रस्त्यापलीकडच्या बाकावर बसलो. त्यानं रायच्या भाकरीचे तुकडे करून चिमण्यांना घातले, मग राहिलेले आम्ही खाल्ले. अकरा वाजायला आले तेव्हा फाटकाचं लहान दार उघडलं.

सायमी एकटी बाहेर आली. कालेर्वो उठला. तीच बोलली. बैठकीतल्या तिघांनी तिला वीस मिनिटं बोलू दिलं. इल्पोलाही बोलावलं, आणि सगळ्यांसमोर तिनं त्याला खोट्याबद्दल झापलं. ठरलं ते असं: इल्पो शुक्रवारी पल्याड परत येईल. पण ऑगस्टची सवलत गेली ती गेली. नाताळानंतर पुन्हा अर्ज करायचा. आणि फॉर्ममध्ये दुसऱ्या कोणासाठी ओळ घालणं त्या तिघांच्या हातात नाही, असंही त्यांनी सांगितलं.

“म्हणजे जिंकलो की,” कालेर्वो म्हणाला.

“अर्धं दिलंय,” सायमी म्हणाली. “उरलेलं ज्यांच्या हातात आहे त्यांचं ऑफिस कुठे आहे, ते विचारून घेतलंय. बारा दहाची बस आहे.”

कालेर्वो म्हणाला की आज कशाला, घरी चल, पुढच्या आठवड्यात मी नेतो, गाडीत पाय पसरून बस.

“पुढच्या आठवड्यात दुसरा कोणीतरी उशिरा येईल,” ती म्हणाली. “त्याच्यासाठी रकाना असायला हवा. तू जा, लाकडं काप. इल्पोची जागा गिरणीत ठेव.”

“ठेवतो.”

“नाताळापर्यंत.”

“ठेवतो म्हटलं ना, बाई.”

तिनं कोटाची वरची गुंडी लावली आणि भिंतीच्या कडेकडेनं बसथांब्याकडे चालायला लागली. उजवा खांदा थोडा खाली, रविवारचं सुकाणू अजून अंगातून गेलं नव्हतं. कालेर्वो गाडीचं दार धरून उभा होता आणि बसला नाही. फाटकात सिह्वोलाबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर जाळीमागे कोणीतरी होतं, एवढ्या लांबून चेहरा कळत नव्हता, पण तो माणूस ती वळणाआड जाईपर्यंत खिडकीतून हलला नाही.